एकटीला विचारलं तेव्हा

"हा माणूस मेलाय की जिवंत आहे, तेवढं सांगा."

काउंटरवर एक कागद ठेवत तो तरुण इंग्रजीत म्हणाला आणि अस्माने टाइपरायटरवरून मान वर केली. बहारीनमध्ये, गुदैबिया वस्तीतल्या राजनच्या टायपिंग ऑफिसात दिवसभर यायचे ते व्हिसाचे फॉर्म, रजेचे अर्ज, कफीलला, म्हणजे कामावर आणणाऱ्या अरब मालकाला, लिहायची पत्रं. मेल्याजित्याची चौकशी करायला आजवर कुणी आलं नव्हतं. एखाद्या कामगाराच्या इन्शुरन्सचं असणार, असं समजून तिने चेहरा जरा गंभीर केला आणि कागद ओढून घेतला.

कागद तिनेच टाइप केलेला होता... मिस ऑडलींच्या पुस्तकाचा.

मिस ऑडली म्हणजे शहराबाहेरच्या सनद गावात भाड्याच्या घरात एकट्या राहणाऱ्या इंग्रज बाई. आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या आणि आता एक जाडजूड पुस्तक लिहीत होत्या. पाचशे वर्षांपूर्वीच्या एका इंग्रज खेड्यात कुणी कुणाला शेत दिलं, कोणत्या अटीवर दिलं, कोणत्या लेकीच्या लग्नात कोणता तुकडा गेला, याची ती सगळी कहाणी. राजनला त्यातलं अक्षरही कळत नव्हतं, पण पानं भरपूर होती, त्यामुळे तो खूश होता. आणि त्या खेड्याचा नकाशा काढायला बाईंनी एका इंजिनियरिंग कंपनीतला ड्राफ्ट्समन धरला आहे, एवढं अस्माच्या कानावर आलं होतं.

"एकतिसाव्या पानावर जॉन अ‍ॅटवेल वारला," तो म्हणाला, "आणि अडतिसाव्या पानावर तोच उठून लेकीच्या लग्नात शेत देतोय. नकाशात कुणाचं नाव लिहू?"

अस्माने बाईंच्या हस्तलिखिताची पानं चाळली. बापाचं नाव जॉन, मुलाचंही जॉन. बाईंनी हाताने लिहिलेलं 'धाकटा' तिच्याकडून गळलं होतं. स्वतःवरच वैतागून ती पुटपुटली, "बापलेकांना नावंसुद्धा वेगळी सुचली नाहीत..."

"बरंच झालं की," समोरून स्वच्छ मराठीत उत्तर आलं. "बाप गेला तरी सातबारा बदलायला नको."

तिने चमकून पाहिलं. तो हसत होता. उंच, थोडा वाकून उभा राहणारा, आणि बोटांवर शाईचे डाग.

त्याचं नाव नुमान. राजापूरकडचा. अस्मा श्रीवर्धनच्या बाजूची.

"म्हणजे सुपारीवाले तुम्ही," तो म्हणाला.

"आणि तुम्ही आंबेवाले."

"होते आंबे. आता ते मामांचे आहेत." हे त्याने हसतच सांगितलं, पण सांगताना नजर काउंटरवरच्या स्टॅम्पपॅडकडे वळली. अस्माने पान दुरुस्त करून दिलं. तो गेल्यावर पुढच्या रजेच्या अर्जात तिने अर्जदाराचं नाव दोनदा टाइप केलं, आणि राजनने चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं.

ही गोष्ट त्र्याण्णवच्या नोव्हेंबरातली.

असे घोटाळे पुन्हा नकोत म्हणून मिस ऑडलींनीच मार्ग काढला. गुरुवारी दोघांनाही अर्धा दिवस सुट्टी असे. त्या दुपारी दोघांनी सनदला यायचं, अस्माने नावं वाचायची, नुमानने नकाशात भरायची. अस्माच्या अम्मीने, अख्तरुन्निसाने, आधी बाईंशी फोनवर बोलून घेतलं. एक मोडकं इंग्रजी बोलत होती, दुसरी मोडकं हिंदी. पण बाई जातीने घरी असणार आणि स्वतःच्या गाडीतून मुलीला नेणार-आणणार, एवढं ठरलं.

तो नकाशा जेवणाच्या टेबलाएवढा होता. लांबच लांब, अरुंद पट्ट्या, एकीला लागून दुसरी, आणि प्रत्येक पट्टीचा मालक वेगळा. एकाच माणसाची जमीन वीस ठिकाणी विखुरलेली.

"चार पिढ्या वाटण्या झाल्या की आपल्याकडेही असंच दिसतं," नुमान म्हणे. "फक्त इथे भांडणाचा आवाज येत नाही."

अस्मा वाचायची, "विल्यम, दोन पट्ट्या, ओढ्याकाठी." तो पेन्सिलीने हलकेच लिहायचा. त्याचं अक्षर इतकं बारीक आणि नेटकं होतं की ती वाचता वाचता थांबून त्याच्या हाताकडे बघत राही. मग तो मान वर न करताच विचारी, "विल्यमच्या शेजारी कोण?... की विल्यम एकटाच आहे?"

"त्याच्या शेजारी एक विधवा आहे."

"मग बांध सरळ काढतो. उगाच बोलणी नकोत."

आतल्या खोलीतून मिस ऑडली विचारत, हसायला काय झालं? आता हे इंग्रजीत कसं सांगणार?

त्यांचं खरं बोलणं झालं ते डिसेंबरात. एका पानावर लग्नाआधी मुलीने बापाच्या जमिनीवरचा हक्क सोडल्याची नोंद होती. ती वाचल्यावर नुमानची पेन्सिल तशीच थांबली. मग त्याने आपल्या आईचं सांगितलं. तिच्या लग्नाच्या सकाळी, हातावरची मेंदी वाळायच्या आत भावांनी एक कागद पुढे केला होता. निकाहाचाच असेल असं समजून तिने सही केली. ते हक्कसोडपत्र होतं. पुढे नवरा वारला, ती तीन वर्षांच्या नुमानला घेऊन माहेरी आली, आणि ज्या बागेत तिचाही वाटा होता त्याच बागेच्या टोकाला, गोठ्यामागच्या खोलीत, पंधरा वर्षं उपऱ्यासारखी राहिली.

"मामा वाईट नाहीत," तो म्हणाला. "जेवायला घालायचे. पण आंबा हवा असला तर आई मागून घ्यायची."

 अस्माने टेबलावरचं खोडरबर उचललं, त्याच्या हाताजवळ सरकवलं, आणि बोटं जरा जास्त वेळ तिथेच ठेवली. बास, तेवढंच. पण दोघांनाही ते कळलं.

संध्याकाळी घरी आली की स्वयंपाकघरात अम्मीला ती त्या खेड्यातल्या गोष्टी सांगायची. म्हाताऱ्या बापाने मुलाला शेत दिलं, पण कागदावर लिहून घेतलं की मरेपर्यंत मला चुलीजवळची जागा, इतकं धान्य आणि एका गाईचा चारा मिळाला पाहिजे. लेकीचं लग्न करायचं तर जमीनदाराला दंड भरावा लागे, आणि एका मुलीने तो स्वतःच्या कमाईतून भरला. अख्तरुन्निसा मासळी साफ करता करता ऐकायची, आणि दुसऱ्या दिवशी विचारायची, "मग त्या म्हाताऱ्याला चुलीजवळ बसू दिलान का मुलानं?"

जानेवारीत गावाहून शेजारच्या इक्बालचं पत्र आलं.

अस्माचे वडील महमूद बावीस वर्षं बहारीनमध्ये एका गोदामात स्टोअरकीपर होते. उन्हाळ्यात काम सुटणार होतं, डोळेही अधू झाले होते. त्यांना गावी परतायचं होतं, समुद्राकाठच्या घरात, घरामागच्या सुपारीच्या वाडीत. अडचण एकच होती. घरापासून रस्त्यापर्यंतची वाट इक्बालच्या वाडीतून जायची आणि कागदावर ती कुठेच नव्हती. आता इक्बालने लिहिलं होतं की अस्मा आमच्या मुलाला, वकारला द्या. विहिरीसकट वाडी लग्नात वकारच्या नावावर बक्षीस करून द्या. वाट कायमची तुमची, आणि तुम्हा दोघांना अखेरपर्यंत आम्ही बघू.

महमूदना यात काही वावगं दिसलं नाही. मुलगा नाही, लेक शेजारच्या अंगणात राहील, विहीर घरातल्या घरात राहील. वकारमध्येही वाईट काही नव्हतं. गावात टेम्पो चालवायचा, मान खाली घालून बोलायचा. ईदनंतर लग्न, असं ते जेवताना सांगून मोकळे झाले, आणि त्या दिवशी कितीतरी महिन्यांनी त्यांनी दुसऱ्यांदा भात मागून घेतला. तो आनंद पाहून अस्माने भातावर कालवणही वाढलं.

गुरुवारी तिने नुमानला सांगितलं. तो बराच वेळ पट्टीने एक रेघ मोजत राहिला. मग म्हणाला, "तुमच्या अब्बांचा हिशोब चुकलेला नाही. म्हातारपणी माणसाला वाट लागतेच."

"तुम्हाला एवढंच म्हणायचंय?"

"माझ्या नावावर एक गुंठा नाही, अस्मा. मी काय म्हणू..."

पुढचे दोन गुरुवार तो आलाच नाही. घरी बसून भरलेले नकाशे त्याने मिस ऑडलींकडे पाठवून दिले, गुंडाळी करून, वर नीट दोरा बांधून. अस्माला रडू आलं नाही, राग आला. तिने टाइपरायटर असा बडवला की राजन म्हणाला, मशीन माझी आहे, जरा दया करा.

त्यातल्या पहिल्याच आठवड्यात तिच्या हाती अ‍ॅग्नेसचं पान आलं.

अ‍ॅग्नेस ही त्याच खेड्यातली. बापाने लग्नात दिलेलं शेत ती नवऱ्याच्या घरी घेऊन आली होती. नवऱ्याला ते आपल्या भावाला द्यायचं होतं. कचेरीत सगळे जमले, कारभाऱ्याने कागद काढला. पण बाईची जमीन असेल तर तिथे एक रिवाज होता. कारभारी तिला नवऱ्यापासून दूर, बाजूला नेई आणि विचारी, ही तुझी स्वतःची इच्छा आहे की कुणाच्या धाकाने करते आहेस? मग वहीत लिही, 'एकटीला विचारलं.' बहुतेक बायका हो म्हणत. अ‍ॅग्नेस नाही म्हणाली. अर्धी लिहिलेली नोंद कारभाऱ्याने तिथेच खोडून टाकली होती.

अस्माने हे सांगितलं तेव्हा अख्तरुन्निसाच्या हातातली सुरी थांबली. नवऱ्याने तिला घरी नेऊन मारलं नसेल का, तिने विचारलं. अस्माने मिस ऑडलींना फोन केला. बाई म्हणाल्या, ते कुणालाच ठाऊक नाही. पण नऊ वर्षांनी त्याच वहीत दिसतं की शेत अजून अ‍ॅग्नेसच्याच नावावर आहे आणि त्याचं कुंपण दुरुस्त केलं नाही म्हणून दंड मात्र नवऱ्याला झालाय.

अख्तरुन्निसा यावर इतकी हसली की डोळ्यांत पाणी आलं. मग सुरी खाली ठेवून तिने हात धुतले.

शुक्रवारी नमाजनंतर महमूद कागद घेऊन बसले. गावी राहणाऱ्या आपल्या भावाच्या नावे मुखत्यारपत्र पाठवायचं होतं, म्हणजे त्याने तिथे बक्षीसपत्र नोंदवावं. एम्बसीत सही-शिक्का करण्याआधी टाइप करून हवं. आणि टाइप करायला घरात लेक होतीच. राजनचं जुनं मशीन अस्मा कधीकधी घरी आणायची, ते तिच्यासमोर ठेवलेलं होतं.

महमूद सांगू लागले. गाव, तालुका, पूर्वेला इक्बालची वाडी, पश्चिमेला समुद्र... अस्मा टाइप करत होती. चुकत नव्हती. 

"मालक म्हनून कोनाचं नाव घालताव?" अख्तरुन्निसाने दारातून विचारलं.

"माजं. दुसऱ्या कोनाचं?"

ती आत गेली. ट्रंक उघडल्याचा आवाज आला. परत आली ती प्लास्टिकच्या पिशवीत घडी घातलेला एक पिवळा कागद घेऊन. तो तिने टाइपरायटरवरच ठेवला. तिचा निकाहनामा होता. नवऱ्याने बायकोला द्यायच्या मेहरच्या रकान्यात लिहिलं होतं, एक सुपारीची वाडी, विहिरीसह. खाली महमूदची पंचवीस वर्षांपूर्वीची सही, जरा तरुण, जरा ऐटबाज.

"ती वाडी माजी हाय," अख्तरुन्निसा म्हणाली.

महमूदनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. तलाठ्याकडे तर कधी चढवलीच नाही, असं काहीसं ते म्हणाले. त्यात लबाडी नव्हती. ते खरंच विसरून गेले होते. ती विसरली नव्हती, एवढाच फरक.

"मी कधी मागितली नाय. वाडी घरातच होती, मागायची कशाला? पन आता ती चालली, आनि मला कोनी विचारलंन नाय." तिचा आवाज चढला नव्हता. "माजं जाऊ दे. पोरीला तरी विचारा. माज्या समोर नको, कोनाच्याच समोर नको. एकटीला विचारा. आनि ती जे सांगेल ते ऐका."

बापलेक बाहेर पडले. गुदैबियाच्या गल्ल्यांतून, बंद दुकानांवरून, आधी नुसतेच चालत राहिले. आदल्या रात्री पाऊस पडून गेला होता. तिथल्या रस्त्यांना पाणी जायला वाट नसते, त्यामुळे जागोजागी तळी साचली होती, आणि महमूद सवयीने प्रत्येक तळ्यापाशी तिचा हात धरत होते. ती तेवीस वर्षांची झाली आहे हे त्यांच्या हाताला कुणी सांगितलं नव्हतं.

शेवटी त्यांनी विचारलं.

"वकार नको, अब्बा."

"दुसरा कोन हाय?"

"आहे. पण तो येईल की नाही, मला माहीत नाही."

"जमीन?"

"नाही."

ते थांबले. समोरच्या पाण्याकडे बघत म्हणाले, "मला वाटलं व्हतं, तू शेजारी असशील. वाटेचं काय गो, माजा जीव वाटेत नव्हता."  अस्माने त्यांचा हात सोडला नाही.

इक्बालला फोन त्यांनीच केला. उत्तर चार दिवसांत आलं. त्याने वाटेवर काट्यांचं कुंपण घातलं होतं. आता घरी जायचं तर खाडीकडून वळसा पडणार होता, सामान डोक्यावरून न्यावं लागणार होतं. महमूद दोन दिवस जेवणावरून अर्धवट उठले. तिसऱ्या दिवशी बायकोला म्हणाले, "तुज्या वाडीतली सुपारी खाडीकडनं न्यावी लागेल." अख्तरुन्निसा म्हणाली, नेऊ. मुखत्यारपत्राचा अर्धा टाइप केलेला कागद तिने घडी करून ठेवून दिला. वाडी तिने ना लेकीला दिली, ना जावयासाठी राखली. जिवंत असेपर्यंत ती तिचीच राहणार होती.

पुढच्या गुरुवारी अस्मा सनदला गेली तेव्हा नुमान तिथे होता. शेवटचा नकाशा द्यायला म्हणून तो मुद्दाम लवकर आला होता, ती यायच्या आत निघायला. पण मिस ऑडली त्या दिवशी नेहमीपेक्षा तासभर आधीच तिला आणायला गेल्या होत्या. का, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. तिला दारात पाहून तो उठला. बाईंनी चहाची आठवण काढली आणि स्वयंपाकघरात गेल्या त्या गेल्याच.

"जरा बाहेर येता?" अस्मा म्हणाली.

घराच्या मागे थोडं चाललं की उथळ खाडी लागायची. ओहोटी होती. चिखलात तिवरांची झुडपं उभी होती, अगदी कोकणातल्यासारखी, आणि पलीकडे लांब पायांचे गुलाबी पक्षी माना खाली घालून काहीतरी शोधत होते. वारा गार होता. तिची ओढणी सारखी सुटत होती, आणि तो प्रत्येक वेळी दुसरीकडे बघत होता.

तिने घरात घडलं ते सगळं सांगितलं. निकाहनामा, गल्लीतली तळी, काट्यांचं कुंपण. त्याने मध्ये एकदाही तोडलं नाही. शेवटी तो म्हणाला, "म्हणजे माझ्यामुळे तुमच्या अब्बांची वाट गेली."

"तुमच्यामुळे नाही. मी नाही म्हटलं म्हणून. ते माझं आहे, तुम्हाला देणार नाही मी."

तो हसला, आणि लगेच गंभीर झाला. "अस्मा, माझ्याकडे खरंच काही नाही. एक खोली आहे, ती कंपनीची. आई इथे माझ्याजवळ आहे... तिला आता कुणाकडे आंबा मागायला लागू नये, एवढीच माझी इच्छा. तुम्हाला देण्यासारखं..."

"मी जमीन मागितली का?"

"नाही."

"मग काय मागितलं?"

 वाऱ्याने ओढणी पुन्हा उडाली. या वेळी त्याने दुसरीकडे पाहिलं नाही. ते टोक त्याने धरलं, आणि तसंच धरून ठेवलं.

"दोन गुरुवार तू आला नाहीस," अस्मा म्हणाली. 'तुम्ही' कधी गळून पडलं ते तिलाही कळलं नाही. "मी घरी नाही म्हटलं तेव्हा तू येशील की नाही हेसुद्धा मला ठाऊक नव्हतं. इतकं मी केलं. आता पुढचं एक वाक्य तुझं. ते मी टाइप करून देणार नाही."

"मला तू हवी आहेस," नुमान म्हणाला. घाईघाईने, एका दमात, जणू थांबला तर ते परत आत जाईल. "त्या दिवशी काउंटरवर आलो ना... तेव्हापासून. जॉन दोन आहेत हे मला बाईंनी फोनवर आधीच सांगितलं होतं."

अस्मा त्याच्याकडे बघत राहिली. "मग आलास कशाला?"

"टाइप कोण करतं ते बघायला. कागदांवर समासात पेन्सिलीने बारीक मराठीत लिहिलेलं असायचं. 'बिचारी', 'बरं झालं', 'हा नवरा मेला'..."

तिने तोंडावर हात घेतला. ते शेरे तिने अम्मीला सांगायला लक्षात राहावं म्हणून लिहिले होते, आणि पुसायला विसरली होती. कानापर्यंत गरम झालं. तो आता मोकळं हसत होता, आणि ओढणीचं टोक अजून त्याच्याच हातात होतं.

"घरी कधी येऊ?" त्याने विचारलं.

"उद्या. नमाजनंतर. अब्बा फार बोलणार नाहीत, घाबरू नकोस. येताना आईला घेऊन ये."

"आणि अम्मी?"

"अम्मी प्रश्न विचारेल. पुष्कळ."

घराच्या दारातून मिस ऑडलींनी चहा गार होतोय म्हणून हाक मारली. दोघांनीही हो म्हटलं. आणि दोघंही तिथेच उभे राहिले, भरती चिखलावरून हळूहळू वर येईपर्यंत.